मागच्या दाराचं शेवटचं रीळ

माणसानं उभ्या आयुष्यात एकच रीळ गाळावं, तेही मालकाच्या हुकमानं, आणि पुढं जन्मभर लोकांनी त्याला रीळचोर म्हणावं. धनाभाऊ ऑपरेटरची गत तशी झाली होती. दिग्रसला तंबू होता तेव्हा एका खेळाला इंजिनातलं तेल संपत आलं. मालक विठ्ठलराव क्याबिनमध्ये डोकावून म्हणाला, "तेरावं सोडून दे, कोनाले समजते?" समजलं सगळ्यांनाच. बाराव्या रिळात हीरो विहिरीत पडला होता आणि चौदाव्यात कोरड्याठाक कपड्यांनी बोहल्यावर उभा होता. लोकांनी बाकं मोडली. विठ्ठलराव कनातीखालून पसार झाला आणि शिव्या धनाभाऊनं खाल्ल्या.

त्रेसष्ट सालच्या माघात पैनगंगा टुरिंग टॉकीजचा तंबू फुलसावंगीला पडला, तर ही कीर्ती त्याच्या आधीच येऊन बसली होती. चहाच्या हॉटेलात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "का भाऊ, इथं किती रिळं खान्याचा विचार हाये?" धनाभाऊ हसला. हसण्यावारी नेलं की माणसं लवकर सोडतात, हे तो शिकला होता.

चाळिशीला आलेला, अंगानं वाळका, बोलायला कमी असा हा माणूस मशिनीच्या मागंच झोपायचा, तिथंच तीन दगडांवर खिचडी शिजवायचा. गावोगावची माणसं त्याला ओळखायची ती पाठमोरी. क्याबिनच्या चौकोनी भोकातून त्याला दिसायचे फक्त फेटे, टोप्या, पदर आणि डोकी. पडद्यावर काही हसण्यासारखं झालं की ती डोकी एकमेकांकडे वळायची. त्याच्याकडे कोणी वळायचं ते फक्त रीळ तुटल्यावर. तेरा वर्षं तो असा लोकांच्या पाठीशी बसून होता, आणि त्याचं पुरं नाव धनसिंग आहे, तो दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यातला आहे, हे विठ्ठलरावालाही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

माघ संपता संपता अमरावतीच्या वितरकाकडून एक पेटी आली. विठ्ठलरावाला हवा होता एक नाचगाण्याचा, तुफान चाललेला पिक्चर. तो हवा तर त्याच्यासोबत हाही घ्या, असं वितरकानं गळ्यात मारलेलं हे दुसरं प्रकरण. नाव 'मागचं दार'. पोस्टरवर एक बाई पाठमोरी, तिचा हात दाराच्या कडीवर. पेटीत डबे ठेवायला बारा खाने होते. डबे होते दहा. दोन खाने रिकामे होते, कारण पिक्चरच दहा रिळांचा होता आणि पेटी दुसऱ्या कुठल्या तरी पिक्चरची. ही गोष्ट धनाभाऊला इतकी साधी वाटली की त्यानं पेटीचं झाकण उघडंच ठेवलं. पुढं ते त्याला फार महागात पडलं.

पिक्चरमध्ये गाणं नव्हतं. गोष्टही म्हटली तर वीतभर. एका गावातला एक माणूस दिवेलागणीला मागच्या दारानं बाहेर पडतो आणि परत येत नाही. बायको सांगते, तो विहिरीवर गेला असेल, पाय घसरला असेल. भाऊ सांगतो, त्याची दुसऱ्या गावी कोणीतरी होती. शाळेचे म्हातारे मास्तर सांगतात, त्याच्या छातीत दुखणं होतं, तो एकटाच मरायला गेला. जो जसं सांगेल तशी ती संध्याकाळ पडद्यावर पुन्हा येते. तीच चूल, तोच कंदील, दाराबाहेर जाणारी तीच पाठ. त्या माणसाचं तोंड म्हणून अख्ख्या पिक्चरमध्ये दिसत नाही. शेवटी बरीच वर्षं गेल्यावर एका संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजते. बायको उठते, दारापाशी जाते, कडीवर हात ठेवते. आणि पडद्यावर अक्षरं येतात, समाप्त.

पहिल्या दिवशी तंबू खच्चून भरला होता. तिसऱ्या रिळापर्यंत लोक गाण्याची वाट बघत होते. चौथ्या रिळात ती संध्याकाळ दुसऱ्यांदा आली आणि पुरुषांच्या बाजूनं आवाज उठला, "ए धन्या, हे रीळ दाखवलं बे तू! झोपला काय?" सहाव्यात ती तिसऱ्यांदा आली तेव्हा पडद्यावर चप्पल गेली. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला दिवे लावून थांबावं लागायचं. दर थांब्याला दोघे-चौघे क्याबिनपाशी येऊन डब्यांवरचे आकडे वाचून जायचे, आणि आकडे बरोबर असल्यामुळे आणखीच चिडायचे. 'समाप्त' आलं, दिवे लागले. मग कोणाची तरी नजर त्या उघड्या पेटीवर गेली.

"दोन डबे कमी हायेत! पाहा, पाहा! एक रीळ तीनदा दाखवलं अन् शेवटची दोन खाल्ली!"

तंबूवर दगड पडायला लागले. या वेळी विठ्ठलरावाला पळायला जागा नव्हती, म्हणून त्यानं माईक धरला. "मायबापहो, शेवटचं रीळ अमरावतीहून निघालं हाये. यष्टीत चुकलं. बाजाराच्या दिवशी दाखवतो. आज ज्याइनं पाह्यलं त्याइले फुकट!" इतकं बिनदिक्कत खोटं बोलणाऱ्या माणसाचं धनाभाऊला नेहमीच नवल वाटायचं. दगड थांबले.

मधले चार दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. पिक्चर भंगार, यावर एकमत होतं, पण कडी कोणी वाजवली यावर हॉटेलात भांडणं लागली. नवराच आला म्हणणारे होते, भाऊ आला म्हणणारे होते. एका शिंप्यानं तर मास्तरांनीच खून केला असं ठासून सांगितलं आणि त्याचं कारण विचारल्यावर चहाचा कप आपटून उठून गेला. इतका नावडता पिक्चर इतका बोलला गेलेला धनाभाऊनं कधी पाहिला नव्हता. खेळाला मात्र कोणी फिरकेना. शेवटाशिवायचा पिक्चर पुन्हा कोण बघणार?

दोघी जणी मात्र रोज यायच्या.

मैलभरावरच्या तांड्यातली रामीबाई आणि तिची सासू रुपीबाई. रामीबाई तिशीची असेल, अंगात आरशांची कांचळी, कमरेला घेरदार फेटिया, आणि दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेली चांदीची घुगरी. घुगरी म्हणजे नवरा असल्याची खूण. सासूच्या डोळ्यांत फूल पडलेलं. तिला पडदा म्हणजे नुसता उजेड दिसायचा. तरी ती सुनेला लगटून क्याबिनच्या भिंतीला टेकून बसायची, आणि पिक्चरमध्ये दार वाजलं, पाऊल वाजलं, भांडं वाजलं की मोठ्यानं विचारायची, "आला काय वं?"

"नाही, याडी. अजून नाही," रामीबाई म्हणायची.

याडी म्हणजे आई. तो शब्द भिंतीच्या आतल्या बाजूला धनसिंगच्या कानावर पडायचा आणि मशिनीच्या दिव्यातल्या कार्बनवरचा त्याचा हात थांबायचा. रिकाम्या तंबूत त्या दोघी आणि मशीन चालवणारा तो, असे तिघेच मिळून चार संध्याकाळी त्या दाराकडे बघत बसले होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण दुपारपासून त्यांची वाट बघतो. कोणाची वाट बघणं त्यानं कधीच सोडलं होतं, त्यामुळे त्याला ते आधी ओळखूच आलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी रामीबाई एकटीच तंबूत आली. तो रिळं उलटी गुंडाळत बसला होता.

"ते शेवटचं रीळ तुह्यापाशीच हाये ना?" तिनं सरळ विचारलं. "मले एकटीले दाखव. मी कोनाले सांगत नाही."

"नाहीच हाये वं बाई. पिक्चर तितकाच हाये."

"सारं गाव म्हनते, तू दाबून बसला."

"गावाले म्हनू दे."

ती गेली नाही. मशिनीसमोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली. सात वर्षांमागं तिचा नवरा भीमसिंग चुकलेला बैल पाहायला म्हणून गेला. तिसऱ्या दिवशी बैल आपला आपण गोठ्यात आला. भीमसिंग आला नाही. आता तांड्याच्या नायकानं पंचांची बैठक बसवून ठरवलं होतं, की होळीला भीमसिंग मेला असं धरायचं, रामीबाईनं घुगरी काढायची आणि दीर देवसिंगाच्या घरी जाऊन राहायचं. देवसिंग माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःलाही ते नको होतं, पण नायकापुढं बोलायची त्याची छाती नव्हती.

"नवरा मेलेल्या चार बाया हायेत तांड्यात, त्या एकमेकीपाशी बसतेत," रामीबाई म्हणाली. "नवरेवाल्या नवरेवाल्यापाशी बसतेत. मी कोनापाशी बसू? माह्यासारखी एकच बाई पाह्यली म्या, अन् ते तुह्या पडद्यावर हाये. दाराच्या पल्याड कोन हाये याच्याशी मले घेनं नाही. दार उघडल्यावर ते बाई काय करते, तेवढं पाहाचं हाये. दुसऱ्या कोनाले विचारू सांग बरं?"

धनसिंगनं तिची समजूत घालायला तोंड उघडलं आणि भलतंच झालं. तेरा वर्षांत ज्या बोलीचा एक शब्द त्यानं जिभेवर येऊ दिला नव्हता त्या तांड्याच्या बोलीत तो बोलून गेला. रिळाची शपथ, आईची शपथ, याच्या पुढं काही नाही.

रामीबाई टक लावून बघत राहिली. "तू गोर हायेस," ती म्हणाली. गोर म्हणजे बंजारा, आपला. "इतके दिवस काहून नाही सांगतलं, भिया?"

भिया म्हणजे भाऊ. तो मान खाली घालून रीळ गुंडाळत राहिला, आणि ते नको इतकं घट्ट गुंडाळलं गेलं.

त्या संध्याकाळी विठ्ठलरावानं त्याला बाजूला घेतलं. "उद्या काहीतरी दाखवाच लागते. नाही तं तंबू पेटवतील. तुह्यापाशी तुकडे असतीन ना जुने?"

तुकडे होते. एका जुन्या कौटुंबिक पिक्चरचं फाटकं रीळ वितरकानं परतच घेतलं नव्हतं. त्यात एक माणूस वर्षांनी घरी येतो. आधी पाठ दिसते, मग दार उघडतं, बायको त्याच्या पायावर कोसळते, सनई वाजते. पाठीला पाठ जुळत होती, कारण 'मागचं दार'मधल्या माणसाला तोंडच नव्हतं. धनसिंगनं 'समाप्त'ची अक्षरं कापली, हा तुकडा चिकटवला, त्याच्यामागं पुन्हा 'समाप्त' लावलं. चिकटवताना त्याला रामीबाई आठवली नाही असं नाही. आठवली, आणि त्याला वाटलं, बरंच होईल. तिलाही बरं वाटेल. लोकांच्या अंगावर दया टाकून मोकळं होणं सोपं असतं, आणि त्याला सोप्याची सवय होती.

बाजाराच्या दिवशी गावाबाहेरच्या बाभळींपर्यंत गाड्या लागल्या होत्या. आत मुंगीला जागा नव्हती. त्याच लोकांनी तोच पिक्चर या वेळी देवळात बसल्यासारखा पाहिला. ती संध्याकाळ तिसऱ्यांदा आली तरी कोणी चकार शब्द काढला नाही. कडी वाजली. बाईनं कडीवर हात ठेवला. चिकटवलेल्या जागी पडदा जरा हिसकला, दार उघडलं, आणि सनई सुरू झाली.

"आला काय वं?" रुपीबाईनं विचारलं.

रामीबाई बोलली नाही. पण अख्खा तंबू बोलला. "आला! आला वं म्हातारे, आला!" शिट्ट्या, टोप्या, फेटे वर उडाले. शिंप्यानं शेजाऱ्याला मिठी मारली. विठ्ठलरावाच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते त्याचं त्यालाच माहीत. भोकातून धनसिंगला म्हातारीचा चेहरा दिसला, कारण ती एकटीच पडद्याकडे पाठ करून क्याबिनकडे तोंड वळवून हसत होती. तेरा वर्षांत त्याच्याकडे तोंड करून हसलेलं ते पहिलं माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामीबाई आली. चालत नव्हती, पळत आली होती.

"म्हातारी रातच्यानं दारात बसली हाये," ती म्हणाली. "खात नाही, आत येत नाही. म्हनते, आख्ख्या गावानं सांगतलं, भीम्या आला. कोनती बाई आनून चिकटवली तू तिथं?"

"बाई?"

"मानसाची पाठ सारखी दिसली सगळ्याइले. माह्यं ध्यान बाईवर होतं. ते ती बाई नव्हती. चार दिवस तिच्यासंग बसली मी. ते अशी पायावर पडली नसती." तिनं पेटीतल्या रिळाकडे बोट दाखवलं. "तिचा शेवट कापून तू दुसरीचा लावला. कायले?"

धनसिंग मशीनच्या पेटीवर बसला. लोकांनी दगड मारले तेव्हा त्याला इतकी लाज वाटली नव्हती. दिग्रसला बाकं मोडली तेव्हाही नाही. त्याला वाटलं, आता खोटं बोलायची ताकद आपल्यात उरली नाही, आणि तो तांड्याच्या बोलीत बोलू लागला.

"तिचा शेवट नाहीच हाये, बाई. खरंच नाही. पन त्या मानसाचं मले मालूम हाये. मी असाच गेलतो."

ती उभीच राहिली.

"दिग्रसपासून दोन कोसांवर माहा तांडा. बायको होती, मोतीबाई. याडी होती. लहान भाऊ होता. तिथं टॉकीज आलती. तंबू उठला त्या दिवशी मी गाड्या भराले गेलो, मज्जा म्हनून. गाडीमागं चालत निघालो. वाटलं, दारव्ह्यापावतर जाऊ, सकाळी वापस येऊ. सकाळी वाटलं, आज उशीर झाला, उद्या जाऊ. उद्या वाटलं, आता काय सांगावं? असा उशीर होत गेला."

"भांडन झालतं?"

"नाही."

"दुसरी कोनी होती?"

"नाही वं."

"म्हंजे कारनच नव्हतं?"

"नव्हतं."

रामीबाई हळूच खाली बसली. "तिनं किती कारनं शोधली असतील रे," ती म्हणाली. "सात वर्षं मी हेच करून राह्यली. त्या राती भाकर करपली होती, मी उलटून बोलली होती, तेही मोजलं म्या."

तिनं त्याला शिव्या द्याव्यात असं त्याला फार वाटत होतं. तिनं दिल्या नाहीत. बराच वेळ ती जमिनीवर पडलेले फिल्मचे कपटे वेचत बसली. मग म्हणाली, "अन् मागल्या साली तंबू दिग्रसले होता तव्हा? दोन कोस नाही गेला?"

"रोज भोकातून पाहो. बायांच्या डोक्याइत तिची घुगरी दिसते का म्हनून."

"दिसली?"

"पाठमोरं ओळखू नाही आलं."

रामीबाई उठली. "जाय," ती म्हणाली. "राहाले नको जाऊ, माफी मांगाले नको जाऊ. दार वाजव, अन् तुही बायको काय करते ते पाहून ये. मले येऊन सांग. गाव बरोबरच म्हनते, भिया. शेवटचं रीळ तुह्यापाशीच हाये. तूच ते दाबून बसला."

विठ्ठलरावाला त्यानं कार्बन आणायला जातो असं सांगितलं आणि पुसदवरून दिग्रसची यष्टी धरली. यष्टीत त्याच्या शेजारी एक माणूस बसला होता. त्यानं चार वेळा काहीबाही विचारलं, आणि धनसिंगनं चारही वेळा ऐकलं नाही. दिग्रसच्या जिनिंग कारखान्यांपाशी कापसाच्या गाड्यांची रांग होती. तो रांगेच्या कडेनं चालत गेला, मग पांदीच्या वाटेनं, मग पाय आपोआप वळले तिकडे.

कुडाच्या जागी आता मातीची भिंत होती. मागचं दार होतं तिथंच होतं. तो समोर जाऊन उभा राहिला आणि हात वर उचलला, पण कडी वाजवायला तो हात काही जाईना. किती वेळ उभा होता कोण जाणे. दार त्यानं वाजवलंच नाही. ते आतून उघडलं, खरकटं पाणी टाकायला.

मोतीबाई जाड झाली होती. कानशिलांवर घुगरी नव्हती. तिनं त्याला पाहिलं, हातातलं पाणी नेहमीच्या जागी टाकलं, आणि म्हणाली, "थांब." आत जाऊन तांब्या घेऊन आली. तो पाणी प्यायला. ती दाराला धरून उभी होती. ओरडली नाही, रडली नाही.

"जित्ता हायेस," ती म्हणाली.

"हो."

"याडी गेली. दोन वर्षं झाली. याच दारात बसत होती."

त्यानं तांब्या खाली ठेवला. आईबद्दल विचारायचं त्यानं वाटेत शंभरदा ठरवलं होतं आणि शंभरदा मोडलं होतं.

"मी आता तुह्या भावाच्या घरात हाये. दोन पोरं हायेत," मोतीबाई म्हणाली. मग त्याला नव्हे, दाराच्या चौकटीला सांगावं तसं बोलली. "दोनदा काढली म्या घुगरी. एकदा पंचाइनं सांगतली तव्हा, सगळ्याइच्या म्होरं. ती हातानं निघाली. मनातून निघाली त्याले चार वर्षं लागली. ते चार वर्षं मी ह्या घरात परक्यासारखी राह्यली. तुह्या भावाचीही गेली, बिचाऱ्याची."

धनसिंगला म्हणायचं होतं, कारण काही नव्हतं, तुझं काही चुकलं नव्हतं. एवढंच सांगायला तो आला होता असं त्याला त्या क्षणी कळलं. त्यानं ते सांगितलं, अडखळत, दोन वाक्यांत.

मोतीबाईनं ते ऐकलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. "हे तव्हा सांगाचं होतं," ती म्हणाली. मग तिनं तांब्या उचलला. "पोरं येतील शाळेतून. यष्टी कव्हाची हाये?"

"चारची."

"मंग जाय."

दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्यानं तो आवाज हजार वेळा मशीनवर ऐकला होता, पण तिथं तो पडद्यावर व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फुलसावंगीला उतरला आणि तंबूकडे न जाता थेट तांड्यावर गेला. रामीबाई कुंपणापाशी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या बांधत होती. त्याला पाहताच तिनं हातातली दोरी सोडली. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दार कसं उघडलं, पाणी दिलं, काय विचारलं, कडी कशी लागली. एकही रीळ न गाळता सांगितलं. स्वतःला लागलेलं तेवढं मात्र त्यानं सांगितलं नाही. ते तिनं न सांगताच पाहिलं.

घुगरीची गोष्ट तिनं पुन्हा सांगायला लावली. मग कानशिलाला हात लावून चांदीचा तो झुबका तिनं बोटांत धरला.

"दोनदा," ती म्हणाली. "मंग मी एकदाच काढीन. होळीले नाही, नायकाच्या म्होरं नाही. माह्या मनातून निघेल त्या दिवशी, माह्या हातानं. तवरिक देवसिंगाच्या घरी जात नाही. बसवू दे त्याइले किती बैठका बसवाच्या ते." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणानं रडली. धनसिंग बाजूला पऱ्हाट्यांकडे बघत उभा राहिला. तिच्या रडण्यात हात घालायचा त्याला हक्क नव्हता.

घराच्या दारात रुपीबाई बसली होती. दोन दिवसांच्या उपाशी चेहऱ्यावर ते पांढरे डोळे तेवढे उघडे होते. पावलांचा आवाज आला तशी ती ताठ झाली.

"कोन हाये? आला काय?"

रामीबाईनं डोळे पुसले आणि पुढं व्हायला लागली. पण त्याच्या आधी धनसिंगच्या तोंडून निघालं. दोन वर्षं उशिरा, भलत्याच तांड्यात, भलत्याच दारात निघालं.

"आलो, याडी."

"याडी, हा भीम्या नव्हे!" रामीबाई घाबरून म्हणाली. "हा पिक्चरवाला हाये. नको ऐकू याचं."

म्हातारीनं हात पुढं केला, चाचपडत त्याचं मनगट धरलं, आणि त्याला खाली ओढलं.

"लेकाचं पाऊल मले समजत नाही काय वं?" ती सुनेला म्हणाली. "माहा नव्हे, मालूम हाये. पन कोनाचा तरी तं हाये ना? बस, बापा. लय दुरून आला तू."

मग तिनं दोन दिवसांत पहिल्यांदा भाकर मागितली, आणि दोघांना पुरेल एवढी आण म्हणाली.